मदत हवी आहे: मांगाच्या (जपानी चित्रकथेच्या) काळ्या चौकटीत देवनागरी कशी बसवायची?

इनिओ असानोंच्या 'ओयासुमी पुनपुन'ची (13 खंड) चार पानं केवळ सरावासाठी मराठीत करतोय, प्रकाशित करायची नाहीत. मूळ मजकूर उभा, म्हणून संवादांचे फुगे उंच आणि अरुंद. तिथे वाक्यच छोटं करून भागतं. खरी पंचाईत नायक पुनपुनची. त्याचं बोलणं फुग्यात येत नाही, निवेदनातून कळतं, आणि काळ्या चौकटीतल्या पांढऱ्या अक्षरांचे अनुस्वार, उकार छपाईत बुजतात.

मुक्ता रेग्युलर फाँट, 7 पॉइंट, 600 डीपीआय, ए5 लेझर प्रिंट असं करून पाहिलं. बोल्ड केलं तर जोडाक्षरं भरतात. ओळींतलं अंतर 140 टक्के केलं तर शेवटची ओळ चौकटीबाहेर. चित्राला हात लावायचा नाही. क्रिता हे चित्रं काढायचं सॉफ्टवेअर वापरतो, फाँट मोफतच हवा.

काळ्यावर पांढऱ्यासाठी कोणता फाँट, किती जाडीचा आणि कमीत कमी किती पॉइंटचा घ्यावा?