वादळाआधी घर सोडण्याची सक्ती: कोकणात योग्य की अयोग्य?

खाडीकाठ
माझं मत सरळ आहे. किनाऱ्यालगतच्या कच्च्या घरांतली माणसं वादळाच्या आदल्या दिवशी हलवलीच पाहिजेत, ऐकत नसतील तर पोलिसांना घेऊन. ओडिशात १९९९ च्या वादळात सुमारे दहा हजार माणसं गेली. २०१९ ला फनी वादळ पुरीजवळ धडकण्याआधी दहा लाखांहून जास्त लोक हलवले होते, बळींचा आकडा शंभराच्या आत राहिला. आणि आपल्याकडे? ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ आलं तेव्हा आमच्या आळीतली कितीतरी माणसं घरातच बसली. पत्रे उडू लागल्यावर बाहेर पडणंही धोक्याचं झालं. माणूस वाचला तर बाकीचं पुन्हा उभं करता येतं.

चिरेबंदी
ओडिशाचं अर्धंच सांगितलंत. तिथे शेकडो पक्के निवारे आधी बांधले, मग लोकांना हलवलं. आपल्याकडे निरोप येतो, "शाळेत जा". आमच्या शाळेचं छप्पर निसर्गमध्ये सगळ्यात आधी गेलं! आईला तिच्या चिऱ्याच्या घरातून उठवून तिथे नेऊ?
शिवाय तिकडे मरण येतं ते मुख्यतः पाण्याने. किनारा सपाट, समुद्र उथळ, फुगलेलं पाणी कित्येक किलोमीटर आत शिरतं. कोकणात डोंगर किनाऱ्याला भिडलेले. निसर्गने नुकसान केलं ते वाऱ्याने. वाऱ्यात भक्कम छप्पर लागतं. ते ज्याच्या घरी आहे त्याला तिथेच राहू द्या.

खाडीकाठ
चिऱ्याच्या घरांबद्दल मी बोललोच नाही, "कच्च्या" असंच लिहिलंय. पण भिंत चिऱ्याची असली तरी वर कौलंच असतात ना? शेजारचा माड त्यावर कोसळला तर?

बंदरावरचा
लोक हलत नाहीत तो हट्ट नव्हे. इशारा आला की होडी खाडीत न्यायची, नांगर टाकायचे, रात्रभर दोर बघत बसायचं. होडी गेली तरी कर्ज राहतंच.
आणि मरण नेहमी घरात येत नाही. २००९ च्या नोव्हेंबरात फयान आलं, तेव्हा कितीतरी होड्या समुद्रात होत्या. २०२१ ला तौक्तेमध्ये मुंबईजवळ समुद्रातल्या तेलक्षेत्रावरच्या कामगारांचा पी-३०५ तराफा बुडाला, सत्तरहून जास्त कामगार गेले. इशारा आधीच दिलेला होता. सक्ती करायची तर माणसांना समुद्रात ठेवणाऱ्यांवर करा.

पोफळी
"बाकीचं पुन्हा उभं करता येतं" हे वाक्य फार लागलं. निसर्गमध्ये श्रीवर्धन, दिवेआगरकडच्या नारळ-सुपारीच्या वाड्या एका दुपारी आडव्या झाल्या. नवी पोफळ, म्हणजे सुपारीचं झाड, धरायला सहा-सात वर्षं जातात. फळबागांना मदत जाहीर झाली हेक्टरी ५० हजार. आमची वाडी दहा गुंठे, म्हणजे पाच हजार रुपये. पडलेली झाडं कापून बाहेर काढायची मजुरीसुद्धा त्यात भागली नाही. कित्येक गावांत महिनाभर वीज नव्हती.
वडील वाडी सोडायला तयार नव्हते. मी त्यांना ओढून नेलं, पुन्हा वेळ आली तर पुन्हा नेईन. पण वादळानंतर आपल्याला कोणी विचारत नाही हे ज्याने पाहिलंय, तो वादळाआधीच्या हुकुमावर का विश्वास ठेवेल?

चिरेबंदी
अगदी हेच. मे महिन्यात ग्रामसभेत यादी लावा: कोणत्या घराने कोणत्या इमारतीत जायचं, गुरं कुठे बांधायची, पाणी कोण भरणार. स्लॅबची एक इमारत नक्की करा. मग सक्तीला माझा विरोध नाही.

खाडीकाठ
यादी झाली नाही त्या गावात काय? वादळ थांबणार नाही. तिथे मी पोलीस बोलावीन आणि लोकांच्या शिव्या खाईन.

चिरेबंदी
तिथे आधी स्लॅबच्या घरवाल्यांना दार उघडायला सांगा. निसर्गच्या दिवशी आमच्या आळीतली माणसं शेजाऱ्याच्या एका हाकेवर आली, सोबत म्हातारी माणसं आणि वासरं घेऊन. पोलीस लागले नाहीत.