'स्टॉल स्पीड'ला मराठीत काय म्हणाल?

गिरगावकर
आयटीआयच्या मुलांसाठी ऑटोमॅटिक गिअरबॉक्स दुरुस्तीची पुस्तिका मराठीत करतोय. टॉर्क कन्व्हर्टरच्या (इंजिनाचा जोर तेलातून गिअरबॉक्सला देणारा भाग) प्रकरणात 'स्टॉल स्पीड'पाशी गाडं अडलं. आधी 'इंजिन बंद पडण्याचा वेग' असं ठोकून दिलं होतं. कुर्ल्याला सीएसटी रोडवर जुने गिअरबॉक्स विकणाऱ्या एकाला वाचून दाखवलं, तर तो हसला. "साहेब, इंजिन बंद पडलं तर टेस्ट कसली घेताय?" खरंच आहे. ब्रेक दाबून, 'डी'त टाकून पूर्ण रेस द्यायची. चाकं जागची हलत नाहीत, टर्बाइन, म्हणजे कन्व्हर्टरमधलं गिअरबॉक्सकडचं चाक, जखडलेली, आणि इंजिनाच्या फेऱ्यांचा काटा समजा मिनिटाला २,२०० वर जाऊन थांबतो. तो आकडा म्हणजे स्टॉल. शब्द सुचवा.

अनुस्वार
स्तंभनगती. 'महापौर' आणि 'दिग्दर्शक' सावरकरांनी दिले तेव्हाही लोक हसलेच असतील.

दुसरी_पाळी
'स्तंभनगती काढ' म्हटलं तर आमचं पोरगं आयुर्वेदाच्या दुकानात जाईल. गॅरेजमध्ये 'स्टॉल' म्हणतात, विषय संपला.

अनुस्वार
मुंबईत स्टॉल म्हणजे वडापावचा. आणि गती नको तर 'फेरे' घ्या, आकडा फेऱ्यांचाच आहे.

परळची_सातारकरीण
'तटणे' कुणालाच कसं आठवलं नाही? आमच्याकडे बैल तटायचा. आबा पुढून कासरा ओढायचे, मागून चुलते शेपूट पिरगाळायचे, तो आपला उभा. 'तटफेरे' म्हणा. तट्टू हा शब्दही त्याच तटण्यातून आला असणार.

अनुस्वार
तट म्हणजे किल्ल्याची भिंत, तटणे तिथून आलं असावं. तट्टूचा काय संबंध?

परळची_सातारकरीण
तुम्ही तट्टू हाकलंय का कधी?

गिरगावकर
तटणे आवडलं. पण तटलेला बैल जोर लावत नाही. इथे इंजिन जोर लावतंय, तटलीय ती टर्बाइन.

धावपट्टी
विमानाचं बघा. पंखाचा कोन प्रमाणाबाहेर गेला की हवा पंखाला धरून वाहत नाही, उचल जाते. त्यालाही स्टॉलच म्हणतात, आणि इंजिन मजेत चालू असतं. घोळ मूळ इंग्रजीतच आहे.

दुसरी_पाळी
स्टॉलचं सोडा, 'स्लिप'चं काय लिहिलंत? सगळा गोंधळ तिथे होतो. कन्व्हर्टरमध्ये पंप (इंजिनाकडचं चाक) आणि टर्बाइन यांच्यात फक्त तेल असतं, तिथे स्लिप पाहिजेच. ती आहे म्हणून सिग्नलला गाडी गिअरमध्ये उभी राहते. पण गिअरबॉक्सच्या क्लच प्लेटा स्लिप मारत असतील तर तो बिघाड. गिऱ्हाईक दोन्हीला 'घसरतंय' म्हणतं, आणि नवशिका मेकॅनिक चांगला कन्व्हर्टर बाहेर काढतो.

गिरगावकर
दोन्हीकडे 'घसरणे' लिहिलंय. मेलो.

परळची_सातारकरीण
तेलाची ती घुसळण. रवी फिरते म्हणून ताक फिरतं, पण ताक मागेच राहतं.

दुसरी_पाळी
हे झकास. प्लेटांची घसरण, तेलाची घुसळण. मुलांना हेही सांगा: स्टॉल जास्त आला तर प्लेटा घसरतायत किंवा तेल कमी आहे, कमी आला तर इंजिन तरी अशक्त, नाहीतर कन्व्हर्टरमधल्या स्टेटरचा (पंप-टर्बाइनच्या मधलं चाक) एकतर्फी क्लच गेलाय. पाच सेकंदांच्या वर रेस धरायची नाही, तेल उकळतं. आणि काही कंपन्या ही टेस्ट करूच नका म्हणतात, ते आधी बघा.

रात्रीचा_राजा
माझ्या गाडीला मोठी कॅम (इंजिनाचे व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) टाकलीय, कमी फेऱ्यांवर ओढच नाही. एकाने ३,००० स्टॉलचा कन्व्हर्टर सुचवलाय. टाकू?

दुसरी_पाळी
३,००० कुणाच्या इंजिनावर? आकडा कन्व्हर्टरवर कोरलेला नसतो. तोच कन्व्हर्टर ताकदवान इंजिनाला लावला तर स्टॉल वर जातो. कॅमची ओढ कुठे सुरू होते ते सांग, मग बोलू. सायन ते घाटकोपर रेंगाळत जाणार असशील तर सैल, म्हणजे जास्त स्टॉलचा, कन्व्हर्टर तेल तापवत राहील. मोठा ऑइल कूलर आधी घे. बदल आरटीओत चालतो का, तेही विचार.

अनुस्वार
'सैल कन्व्हर्टर' हा प्रयोग कुठला?

दुसरी_पाळी
गॅरेजातला.

धावपट्टी
वर सगळ्यांनी 'रेस दे' लिहिलंय, त्यावर कुणीच बोललं नाही. रेस म्हणजे शर्यत ना?

परळची_सातारकरीण
आमचा ड्रायव्हर 'रेज' म्हणायचा. 'रेज कर थोडी.' मला वाटतं मूळ शब्द तोच.

अनुस्वार
मुळीच नाही.

गिरगावकर
पुस्तिका सोमवारी छापायला जातेय हो.

परळची_सातारकरीण
रेजचा वेगळा धागा काढते.