मदत हवी आहे : जपानमधील ओनो गुनचे जुने दप्तर कोठे शोधावे?

नमस्कार,

जपानच्या गिफू प्रीफेक्चरमधील ओनो या गुनच्या प्रशासकीय इतिहासावर मी मराठीत एक दीर्घ लेख लिहीत आहे. प्रीफेक्चर म्हणजे जपानमधील राज्यासारखा मोठा प्रशासकीय विभाग, आणि गुन म्हणजे प्रीफेक्चर व गाव यांच्या मधला जुना विभाग. या गुनमध्ये आज शिराकावा हे एकच गाव उरले आहे. उंच, उतरत्या गवती छपरांच्या घरांमुळे त्या गावातील ओगिमाची वस्तीला १९९५ साली जागतिक वारसा यादीत स्थान मिळाले, त्यामुळे त्या घरांविषयी भरपूर माहिती सापडते. पण ते गाव कोणत्या कचेरीच्या अधिकाराखाली केव्हा होते आणि त्या काळची कागदपत्रे आज कोणाकडे आहेत, हे नीट उलगडत नाही. जपानी दप्तरखान्यांचा अनुभव असलेल्या सभासदांकडून मला याच बाबतीत मार्गदर्शन हवे आहे.

माझी सर्वांत मोठी अडचण १८७१ ते १८७६ या वर्षांची आहे. ओनो गुन ज्या हिदा प्रांतात मोडतो, तो १६९२ पर्यंत कानामोरी घराण्याकडे होता आणि नंतर शोगुनच्या, म्हणजे जपानच्या लष्करी सत्ताधीशाच्या, थेट अमलाखाली आला. त्याचा कारभार ताकायामा येथील कचेरीतून चाले. १८६८ मध्ये शोगुनशाही संपल्यावर तेथे ताकायामा प्रीफेक्चर झाले, आणि १८७१ च्या अखेरीस ते चिकुमा प्रीफेक्चरला जोडण्यात आले. चिकुमाचे मुख्य ठाणे मात्सुमोतो हे आजच्या नागानो प्रीफेक्चरमध्ये, उंच पर्वतरांगेच्या पलीकडे होते. याच राजवटीत, १८७५ साली, २३ लहान गावे एकत्र करून आजचे शिराकावा गाव बनवले गेले. पुढच्याच वर्षी जूनमध्ये मात्सुमोतो येथील प्रीफेक्चरची कचेरी आगीत जळाली, ऑगस्टमध्ये चिकुमा प्रीफेक्चरच मोडीत निघाले आणि हिदा गिफूकडे गेला. म्हणजे ज्या सरकारने हे गाव घडवले ते पुरती पाच वर्षेही टिकले नाही, आणि त्याचे मुख्य कार्यालयही जळाले. अशा स्थितीत एकत्रीकरणाचे हुकूम, गावांनी दिलेले अर्ज आणि सीमांचे नकाशे यांच्या प्रती नागानोच्या संग्रहात शोधाव्यात, गिफूच्या शोधाव्यात, की जुन्या गावप्रमुखांच्या घराण्यांनी जपलेल्या कागदांवरच भिस्त ठेवावी? एका तरी हुकुमाचा ठावठिकाणा कळला, तर लेखाचा पाया पक्का होईल.

दुसरा प्रश्न गुनच्या स्वतःच्या कचेरीविषयी आहे. १८७८ च्या कायद्याने गुन हा कारभाराचा अधिकृत विभाग ठरला आणि १८९० च्या कायद्याने त्याला स्वतःची सभा मिळाली. ती व्यवस्था १९२३ मध्ये बंद झाली, १९२६ मध्ये गुनप्रमुखाचे पद आणि कचेरीही गेली, आणि तेव्हापासून गुन मुख्यतः पत्त्यात लिहिण्यापुरता उरला. १९२६ मध्ये कचेऱ्या बंद झाल्या तेव्हा त्यांचे कागद प्रीफेक्चरकडे जमा करण्याची काही ठरलेली रीत होती का?

तिसरा प्रश्न लोकसंख्येच्या आकड्यांचा आहे आणि मला तो अधिक नाजूक वाटतो. ताकायामा हे १९३६ साली शहर झाले आणि त्यामुळे गुनमधून बाहेर पडले. १ फेब्रुवारी २००५ रोजी न्यूकावा, कियोमी, शोकावा, मिया, कुगुनो, आसाही आणि ताकाने ही या गुनमधील सात गावे त्याच शहरात विलीन झाली. त्या दिवशी शेजारच्या योशिकी गुनमधील उरलेले शहरवजा गाव आणि खेडेही ताकायामात गेले आणि तो गुन संपला. सुमारे २,१७७ चौरस किलोमीटरचे ताकायामा तेव्हा क्षेत्रफळाने जपानमधील सर्वांत मोठे शहर झाले. हिदाचा तिसरा गुन, माशिता, २००४ मध्येच गेरो शहरात विरला होता. म्हणून १९२० च्या पहिल्या जनगणनेतील ओनो गुन आणि आजचा ओनो गुन यांची लोकसंख्या शेजारी मांडणे मला सरळसरळ दिशाभूल करणारे वाटते. त्यात भर म्हणजे १९६१ मध्ये पूर्ण झालेल्या मिबोरो धरणाखाली शोकावा आणि शिराकावा येथील वस्त्या बुडाल्या. गावांची नावे तशीच राहिली, पण माणसे हलली. तक्ता आजच्या हद्दी धरून करावा की जुन्या प्रत्येक गावाचा वेगळा ठेवावा? मी दुसऱ्या पर्यायाकडे झुकलो आहे, कारण १८८९, १९५० चे दशक आणि २००५ या विलीनीकरणाच्या तिन्ही लाटांतून शिराकावा वेगळे राहिले हे केवळ त्यातूनच स्पष्ट दिसेल.

नागोया किंवा गिफू परिसरात राहणाऱ्या, अथवा जपानी कागदपत्रे वाचणाऱ्या सभासदांनी परदेशातून प्रती मागवण्याची पद्धतही सांगितली तर फार उपकार होतील. अर्ज जपानीतच करावा लागतो का, आणि हस्तलिखिताच्या जुन्या वळणाचे वाचन करून देणारी व्यक्ती कशी शोधावी, एवढे समजले तरी मला काम सुरू करता येईल.