मदत हवी आहे: चेरी टोमॅटोची फुलं गळताहेत, आखाजीपर्यंत (अक्षय्य तृतीयेपर्यंत) फळं मिळतील का?

नमस्कार मंडळी,

भुसावळला आमच्या गच्चीवर बादल्यांमध्ये चेरी टमाटे लावले आहेत. थंडीत झाडांनी भरभरून दिलं, घोसच्या घोस उतरवले. पण होळी झाली, पाडवा झाला, ऊन तापायला लागलं आणि आता झाडांवर फुलं भरपूर असूनही फळ धरत नाही. आखाजीला लेक माहेरी येणार आहे, सोबत नात. तिला मी फोनवर झाडं दाखवत असते आणि आल्यावर ती स्वतःच्या हाताने टमाटे तोडणार असं आमचं ठरलंय. तोवर झाडावर थोडं तरी लाल असावं, एवढीच इच्छा आहे. जाणकारांनी कृपया मार्ग सुचवावा.

सगळी माहिती देते, म्हणजे सांगणाऱ्याला सोपं जाईल.

गच्ची उघडी आहे, स्लॅबची. सकाळपासून सूर्य मावळेपर्यंत ऊन, आडोसा फक्त पाण्याच्या टाकीचा. झाडं रंगाच्या २० लिटरच्या बादल्यांत आहेत (बुडाला भोकं पाडलीत) आणि काही काळ्या ग्रोबॅगमध्ये. माती शेतातलीच काळी, त्यात शेणखत आणि थोडं कोकोपीट. जात उंच वाढणारी आहे. बांबू रोवून सुतळीने बांधलेत, आता शेंडे माझ्या डोक्याच्या वर गेलेत. पाणी संध्याकाळी घालते. नळाला दररोज पाणी येत नाही, म्हणून बहुतेक वेळा बोअरचंच घालावं लागतं. ते जड आहे. पातेल्याला पांढरं किटण चढतं, आणि बादल्यांच्या काठावरही तसाच पांढरा थर जमलाय.

आता झाडांचं. सगळ्यात मोठी काळजी फूलगळीची आहे. मी अगदी जवळून पाहिलं. फुलाच्या देठावर मध्येच एक बारीक गाठ असते. आधी ती गाठ पिवळी पडते, मग तिथूनच फूल सुटतं आणि देठाचा उरलेला तुकडा झाडावर हिरवाच राहतो. गळलेल्या फुलाच्या पाकळ्या ताज्या असतात, आत कीड नसते, कुरतडलेलंही काही दिसत नाही. सकाळी गच्ची झाडायला गेलं की प्रत्येक बादलीभोवती पिवळा सडा.

दुपारी पानं कडांनी वर वळून गुंडाळली जातात. संध्याकाळी काही उघडतात, काही तशीच राहतात. फांदी हलवली की बारीक पांढऱ्या माश्या उडतात. मागच्या शेतात फरदडीची (हंगाम संपल्यावरही राखलेली) कपाशी बरेच दिवस उभी होती, तिथली पऱ्हाटी (कपाशीची झाडं) उपटल्यापासून या माश्या वाढल्या असं मला वाटतं. आणि जी फळं आधी धरली होती ती पिकताना देठाजवळ तडकतात. पूर्वीसारखी लालबुंदही होत नाहीत, केशरी-पिवळीच राहतात.

शेंगदाण्याच्या पेंडेचं पाणी अधूनमधून देते. रासायनिक फवारा मारायचा नाही, कारण नात तोडेल आणि तिथल्या तिथे तोंडात टाकेल.

फूलगळ थांबवायला काही करता येईल का? शेडनेट लावली तर फायदा होईल की झाडं नुसतीच उंच वाढतील? ही झाडं पावसाळ्यापर्यंत ओढायची, की आताच काढून टाकायची? काढायला जीव धजत नाही.

केळीवाला, यावल

ताई, फूलगळ हा रोग नाही, हा उन्हाचा परिणाम आहे. टोमॅटोला फळ धरायला रात्र थंड लागते, साधारण १५ ते २० अंश. दिवसा पारा ३५ च्या वर आणि रात्री २१-२२ च्या वर राहायला लागला की फुलातले पराग निकामी होतात. पराग निकामी झाले की फळ धरत नाही, आणि धरलं नाही की झाड त्याच गाठीतून फूल टाकून देतं. चेरी टोमॅटो मोठ्या टोमॅटोपेक्षा थोडा चिवट असतो, पण आपल्याकडच्या एप्रिलपुढे त्याचंही काही चालत नाही.

म्हणून माझं म्हणणं, नव्या फुलांची काळजी सोडा आणि धरलेली फळं सांभाळा. फूल धरल्यापासून चेरी टोमॅटो पिकायला पाच-सहा आठवडे लागतात. पाडव्यापासून आखाजीपर्यंत महिनाभराचं अंतर. म्हणजे आज झाडावर जे वाटाण्याएवढं किंवा त्याहून मोठं हिरवं फळ दिसतंय, तेच तुमच्या नातीच्या हातात पडणार आहे. एकदा सगळे घोस नीट बघून घ्या. वाटतात त्यापेक्षा जास्त निघतील, पानांआड दडलेले असतात.

शेडनेट लावाच, ५० टक्के सावली देणारी हिरवी चालेल. बादल्या थेट स्लॅबवर ठेवू नका, खाली विटा द्या. तापलेली स्लॅब रात्री उशिरापर्यंत उष्णता सोडत राहते आणि मुळं शिजतात. काळ्या ग्रोबॅगना बाहेरून ओलं गोणपाट गुंडाळा. सगळ्या कुंड्या टाकीच्या पूर्वेला एकमेकींना खेटून ठेवा, म्हणजे दुपारनंतर टाकीची सावली मिळेल. आणि मातीवर चांगलं चार बोटं आच्छादन हवं. भुसावळला केळीच्या वाळलेल्या पानांची काय कमी? कुठल्याही बागेतून मागून आणा, कोणी नाही म्हणणार नाही.

पेंडेचं पाणी तूर्त बंद करा. त्यातल्या नत्राने नुसता पाला वाढतो, आणि जितका पाला जास्त तितकं पाणी जास्त लागतं.

काळीमाती, धुळे

वरचं सगळं बरोबर आहे. मी फक्त माती-पाण्याबद्दल लिहितो, कारण फळं तडकण्याचं मूळ तिथे आहे असं मला दिसतं.

आपली काळी माती शेतात सोनं आहे, बादलीत मात्र तिचा स्वभाव नडतो. ओली झाली की फुगते, वाळली की आकसते. बादलीत आकसली की कडेला फट पडते. मग वरून घातलेलं पाणी त्या फटीतून सरळ खाली जातं आणि बुडाच्या भोकांतून बाहेर पडतं. आपल्याला वाटतं पाणी भरपूर झालं, आणि मधला मुळांचा गड्डा कोरडाच. काकू, पाणी घातल्यावर तासाभराने खुरपीने मधोमध वीतभर खोल उकरून बघा. कोरडं निघालं तर हेच चाललंय.

कडेच्या फटीत गांडूळखत आणि कोकोपीट मिसळून दाबून भरा. मग पाणी हळूहळू द्या. सर्वांत उत्तम म्हणजे ठिबक. आपल्या जिल्ह्यांत ठिबकचं सामान शेतीच्या कुठल्याही दुकानात सुटं मिळतं. थोड्या उंचीवर ड्रम ठेवायचा, त्याला बारीक लॅटरल (नळी), आणि प्रत्येक बादलीत थेंब थेंब पाणी सोडणारा एक ड्रिपर. विजेची गरज नाही. मोठ्या झाडाला या दिवसांत रोज दोन-तीन लिटर सहज लागतं. त्यातलं जास्त पाणी सकाळी लवकर द्या, थोडं संध्याकाळी. दिवसभर कोरडं आणि संध्याकाळी एकदम चिंब, असं झालं की फळात अचानक पाणी चढतं, साल ताणली जाते आणि फुटते.

काठावरचा पांढरा थर क्षारांचा आहे. तो खरवडून काढा. ज्या दिवशी नळाचं पाणी येईल त्या दिवशी प्रत्येक बादलीत इतकं सोडा की बुडातून चांगलं वाहून जाईल. पंधरा दिवसांतून एकदा असं धुतलं की मुळांपाशी साचलेले क्षार निघून जातात. पुढच्या हंगामासाठी काळी माती एक भागच घ्या, बाकी पोयटा, कोकोपीट आणि कुजलेलं शेणखत.

फळं लाल न होण्याचंही कारण ऊनच. पारा ३०-३२ च्या वर सतत राहिला की टोमॅटोत लाल रंग तयार व्हायचा थांबतो, पिवळा-केशरी होत राहतो. यावर उपाय सोपा आहे. फळावर तांबूस छटा आली की तोडा आणि घरात सावलीत परातीत पसरून ठेवा. तीन-चार दिवसांत लाल होतात आणि तडकतही नाहीत. फ्रिजमध्ये ठेवू नका, चव जाते.

गच्चीबाग, शिरपूर

माझं मत थोडं वेगळं आहे. आखाजीपर्यंत झाडं ठेवा, पण त्यापुढे मे महिन्यात ती ओढण्यात अर्थ नाही. महिनाभर रोजचं पाणी घालून एक फळ मिळत नाही आणि पांढऱ्या माशीला मात्र घर मिळतं.

आधी एक तपासा. जी पानं दुपारी वळतात आणि संध्याकाळी उघडतात, ती उन्हापासून स्वतःला वाचवताहेत, त्यांची चिंता नाही. पण शेंड्याची नवी पानं बारीक, जाडसर, कडेने पिवळी आणि आकसलेली निघत असतील तर तो बोकड्या आहे, म्हणजे विषाणू. पांढरी माशी तो एका झाडावरून दुसऱ्यावर नेते आणि त्यावर औषध नाही. असं झाड लगेच काढावं लागतं.

माशीसाठी पिवळे चिकट सापळे शेंड्याच्या उंचीवर टांगा. ५ मिली निंबोळी तेल आणि थोडा पातळ साबण एक लिटर पाण्यात घोळून संध्याकाळी पानांच्या खालच्या बाजूने फवारा. उन्हात फवारलं तर पानं भाजतात. फळ खाण्याआधी धुऊन घ्यायचं, एवढंच.

जीव धजत नाही म्हणालात, त्यावर एक उपाय आहे. निरोगी झाडाचे बगलेतले फुटवे वीतभर कापा, खालची पानं काढा आणि पाण्याच्या ग्लासात घरात उजेडाच्या जागी ठेवा. आठ-दहा दिवसांत पांढरी मुळं येतात. मग छोट्या कुंडीत लावून सावलीत सांभाळायचं. तेच झाड, तीच चव. बी पेरून तशी खात्री नाही, कारण बाजारातलं बहुतेक चेरीचं बियाणं संकरित असतं आणि त्याच्या फळातलं बी धरलं तर पुढची झाडं वेगवेगळी निघतात.

मात्र खरा हंगाम धरायचा तर ऑगस्टमध्ये रोपं तयार करा आणि सप्टेंबरमध्ये बादलीत लावा. दिवाळीनंतर तोडणी सुरू होते ती थेट आतापर्यंत. पावसाळ्यात करपा रोग फार त्रास देतो.

धागाकर्ती

तिघांचेही मनापासून आभार. खुरपीने उकरून पाहिलं, मधली माती खरोखर कोरडी निघाली. आज काळीमाती दादांनी सांगितलं तसं कडेने भरून घेतलं आणि हळूहळू पाणी सोडलं. हिरवी फळंही बघितली, पानांआड चांगलीच निघाली! नातीपुरती नक्की आहेत.

शेंडे तपासले. टाकीपासून लांबच्या दोन झाडांची नवी पानं बारीक आणि कडेने पिवळी आहेत, गच्चीबाग ताईंनी वर्णन केलं तंतोतंत तशी. पण त्यांच्यावर हिरवी फळं आहेत. ती पिकेपर्यंत झाडं ठेवली तर चालेल का? विषाणूचं फळ खाल्लं तर काही होतं का? आणि शेडनेट वरूनच लावू की बाजूनेही?

गच्चीबाग, शिरपूर

फळ खायला काही धोका नाही, हा विषाणू माणसाला लागत नाही. पण झाडं ठेवू नका. त्यांच्यावरची माशी बाकीच्या झाडांवर जाईल आणि त्यांनाही बोकड्या लागेल. मोठी हिरवी फळं तोडून परातीत ठेवा, पूर्ण वाढलेली असतील तर घरात पिकतील. उरलेल्यांची चटणी करा. झाड पहाटे उपटा, माशी तेव्हा सुस्त असते. वर मोठी पिशवी घालून मगच उपटायचं. कंपोस्टच्या खड्ड्यात टाकू नका. फुटवे मात्र त्या दोन झाडांपासून लांब असलेल्यांचेच घ्या.

केळीवाला, यावल

शेडनेट वरून आणि पश्चिमेकडून. उत्तर-पूर्व उघडी ठेवा, वारा खेळला पाहिजे. शेंड्यापासून दोन-तीन फूट वर बांधा, टेकली तर शेंडे करपतात. एप्रिलमध्ये वावटळी सुटतात, तेव्हा सुतळीवर भरवसा नको, तारेने आवळा.