स्मरणिकेची छपाई : 500 प्रती, हातात 60 हजार. खर्च कुठे वाचेल?

नमस्कार मंडळी,

गोव्यात सत्तरी तालुक्यातल्या आमच्या गावच्या वाचनालयाला येत्या डिसेंबरात 50 वर्षं पूर्ण होताहेत. त्यानिमित्त स्मरणिका काढायची ठरली आणि छपाईचं काम माझ्याकडे आलं. 84 पृष्ठं, ए-फोर आकार, 500 प्रती. मुखपृष्ठ आणि 12 जाहिराती रंगीत, बाकी मजकूर काळा. जमलेत 60 हजार, तेही लोकांनी शंभर-दोनशे करून दिलेले, त्यामुळे एकेक रुपया जपून खर्चायचा आहे. म्हापशाच्या एका छापखान्याने 88 हजार सांगितले, बेळगावच्या एकाने 71 हजार आणि चोर्ला घाटातून आणायचं भाडं वेगळं.

आमच्या शेजारच्या काकांनी पणजीत छापखान्यात 30 वर्षं काढली. दरपत्रकं घेऊन त्यांच्याकडे गेलो. त्यांनी आकडे बाजूला ठेवले, 18×23 इंची ताव काढला, दोन घड्या घातल्या आणि त्यावर ए-फोरचं पान ठेवलं. पान वरून नखाएवढं बाहेर राहिलं. घडी साडेअकरा इंच, ए-फोरची उंची जवळजवळ 11.7. "बाबू, ह्या नखापायी मोठा कागद घ्यावा लागतो, आणि कापलेली पट्टी रद्दीत जाते. पैसे मात्र तुझे," म्हणाले. आकार साडेआठ बाय अकरा, म्हणजे डेमी एक चतुर्थांश (ह्या 18×23 तावाला डेमी म्हणतात, त्याचा चौथा भाग) केला, तर कटिंगची जागा सोडूनही एका तावात दोन्ही बाजू धरून 8 पृष्ठं नीट बसतात. हे मला कुणीच सांगितलं नव्हतं!

मग त्यांनी पृष्ठं मोजली. फर्मा, म्हणजे एकत्र छापून घडी घालायच्या पृष्ठांचा संच, 8 किंवा 16 पृष्ठांचा. 84 मध्ये शेवटची 4 लोंबकळतात, त्यांच्यासाठी वेगळी प्लेट (ज्यावरून छापतात तो पत्रा) आणि पुन्हा मशीन लावणं. म्हणून 80 वर आणतोय. दोन शुभेच्छापत्रं आणि अध्यक्षांच्या मनोगताचा अर्धा भाग काढावा लागेल, ते मी बघून घेईन.

खरी अडचण रंगाची आहे. तावाच्या ज्या बाजूवर एक जरी रंगीत जाहिरात आली, तिथे एकाऐवजी चार प्लेटा लागतात, प्रत्येक शाईची एक. सगळ्या 12 जाहिराती आणि जुने 4 फोटो एका 16 पृष्ठांत गोळा केले तर बाकीचं पुस्तक एका रंगात निघतं. पण काही जाहिरातदारांना आम्ही 'पहिल्या पानांत' असा शब्द देऊन बसलोय. तुमच्यापैकी कुणी त्यांना समजावलंय का? काय सांगितलंत?

आणखी काही शंका. आत 70 जीएसएमचा (जीएसएम म्हणजे कागदाचं दर चौरस मीटरचं वजन ग्रॅममध्ये) मॅपलिथो, म्हणजे पुस्तकांचा साधा पांढरा कागद, घेतला तर पाठच्या फोटोची शाई पुढे दिसेल का, की 80च घ्यावा? 80 पृष्ठांना मधे पिना मारून चालेल, की परफेक्ट बायंडिंगच (पाठीला गोंद लावून बांधणी) हवं? प्रती 300 केल्या तर प्लेटांचा खर्च तेवढाच राहतो, मग तेव्हा बिनप्लेटांची डिजिटल छपाई परवडेल का? आणि दर विचारताना जीएसटी, लॅमिनेशन, घडी, बांधणी हे सगळं धरून विचारता की सुटं सुटं?

फॉन्टचंही सांगा. पाच वर्षांपूर्वी आमच्या निमंत्रणपत्रिकेत छापखान्यात फाईल उघडताना जोडाक्षरं तुटली. प्रूफ, म्हणजे छापण्याआधी तपासायचा नमुना, मी मोबाईलवरच घाईत बघितलं. 'उद्घाटन' शब्द दोन तुकड्यांत छापून आला, एका देणगीदाराचं आडनाव वाचता येईना. सगळ्या पत्रिका पुन्हा छापल्या, खर्च आम्हीच भरला. त्या देणगीदारांच्या घरी माफी मागायला गेलो होतो, तो दिवस विसरलेलो नाही. आता फॉन्ट आउटलाइन करून (अक्षरांचं चित्र करून, म्हणजे ती तुटणार नाहीत) पीडीएफ द्यायची आणि कागदावर प्रूफ घेऊन सही करायची असं ठरवलंय. बेळगावला काम दिलं तर त्या प्रूफासाठी दोन खेपा होतील, म्हणून 71 हजार खरंच स्वस्त पडतात का हेही कळत नाहीये.

सोमवारी मी म्हापशाला नवीन आकाराचा दर विचारायला जातोय. त्याआधी जाणत्यांनी लिहिलं तर कागदाचा नमुना तिथेच बघून येईन.