हलक्या पार्टवर हॅमर टेस्ट : डबल हिटचं रीडिंग ठेवायचं की फेकायचं?

उद्यमनगरी : शिरोली, गोकुळ शिरगावात आपण वर्षानुवर्षं बिडाची हाउसिंग ठोकत आलो. वजनदार माल, हॅमर टेस्ट, म्हणजे सेन्सरवाल्या हातोडीनं टोला देऊन पार्टचं कंपन मोजणं, डाव्या हातचा खेळ. आता ॲल्युमिनियमची पातळ कव्हरं, ब्रॅकेट यायला लागलीत आणि हॅमर तोच, हातही तोच. टोला दिला की हॅमर मागं घ्यायच्या आत पार्टच उसळून टिपला, म्हणजे हॅमरच्या टोकाला, धडकतो. हाच डबल हिट. माझं मत : डबल हिट दिसला की रीडिंग रद्द. १० मिलिसेकंदांच्या अंतरानं दोन सारखे टोले पडले, तर फोर्सच्या स्पेक्ट्रमला (कुठल्या फ्रिक्वेन्सीला किती जोर, त्या आलेखाला) ५०, १५०, २५० हर्ट्झवर खड्डे पडतात. मोड, म्हणजे पार्टचं स्वतःचं कंपन, नेमका तिथंच असला तर मोजणार काय, कप्पाळ?

रंकाळा_एनव्हीएच : दुसरा टोला पहिल्याइतका असतोय कधी? खड्डा पडतो, पण तळ गाठत नाही. आणि दोन्ही टोले सेन्सरनं मोजलेत, पार्टनंही खाल्लेत. दोन्ही रेकॉर्डमध्ये पुरते आले असतील तर एफआरएफ (टोल्याच्या जोराला पार्ट किती हलला, ते फ्रिक्वेन्सीनुसार) बरोबरच येतो. कोहेरन्स (पार्टचं हलणं मोजलेल्या टोल्यामुळंच का, ते सांगणारा आकडा) जिथं घसरला तेवढा पट्टा सोडा, बाकीचं का फेकता? खरी लबाडी वेगळीच आहे. फोर्स विंडो (सिग्नलचा किती वेळाचा तुकडा धरायचा ती चौकट) आखडून दुसरा टोला कापायचा. ग्राफ गुळगुळीत, रिपोर्ट झकास, पण पार्टनं खाल्लेला मार हिशेबातनं गायब!

उद्यमनगरी : विंडोचं शंभर टक्के मान्य. पण बारका हॅमर घेऊन, पार्ट कमी हलतो अशा जागी, मनगट सैल ठेवून ठोकलं तर सिंगल हिट मिळतो की. कोहेरन्सच्या कुबड्या कशाला?

साचा_आणि_माती : तुमी दोघं टोल्यावरनं भांडताय आणि पार्टच्या डोक्यावर १० ग्रॅमचा ॲक्सेलरोमीटर, कंपन मोजायचा सेन्सर, बसलाय, तो दिसंना व्हय? त्या मोडमध्ये हलणारं वस्तुमान १०० ग्रॅम असलं, तर फ्रिक्वेन्सी सुमारे ५ टक्के खाली आली. फोर्स कितीबी चोख मोजा.

रंकाळा_एनव्हीएच : म्हणून सेन्सर एका जागी ठेवून हॅमर फिरवायचा. चूक राहते, पण सगळ्या पॉइंटला सारखी, त्यामुळं मोड शेप (कंपनात पार्ट कसा वाकतो ते चित्र) फाटत नाही. खरी फ्रिक्वेन्सी पाहिजे तर पार्टला न चिकटता कंपन मोजणारा लेसर भाड्यानं आणा.

कागल_टेस्टलॅब : लेसर आणा नायतर शेकर (पार्टला जोडून हलवायचं यंत्र), असं म्हणणारे बरेच आहेत. लेसर ठीक, पण शेकरच्या फोर्स सेन्सरचं पुढचं वजन पार्टला कायम चिकटून राहतं. ते गुणिले त्वरण एवढा फोर्स वजा केलाच पाहिजे, हलक्या पार्टवर तर रेझोनन्सपाशी तोच भारी पडतो. हॅमर निदान ठोकून बाजूला होतो. फक्त टिप बदलली की कॅलिब्रेशन बदलतं, हे इथं कोणी पाळत नाही. माहीत वजनाचा गोळा दोरीला टांगा, मागं ॲक्सेलरोमीटर लावा, ठोका, वस्तुमान गुणिले त्वरणाशी ताडून बघा.

उद्यमनगरी : गोळा टांगतो. पण डबल हिट आमच्या रिपोर्टात जाणार नाही म्हणजे नाही.

रंकाळा_एनव्हीएच : मग विंडो न लावलेला फोर्सचा टाइम सिग्नल पण रिपोर्टला जोडत जा, साहेब. गिऱ्हाईक बघेल की.