प्रति: सफाईच्या स्टेपला रीडर-रायटर कशाला?

स्प्रिंग बॅचमध्ये (जावातले मोठे जॉब स्टेपस्टेपने चालवणारी चौकट) एका डिलीटसाठी रीडर-रायटर (ओळी वाचून गठ्ठ्याने लिहिणारी जोडी) नको, टास्कलेट (एकच काम करणारा साधा कोड) पुरे, हे वरचं म्हणणं मान्य. पण टास्कलेटची स्टेप एकदा यशस्वी झाली की तोच जॉब रीस्टार्ट केल्यावर ती पुन्हा चालत नाही, हे कुणी लिहिलेलं दिसलं नाही. आम्हाला ते कळलं चवथीच्या आदल्या दिवशी. पणजीचं ऑफिस दुपारीच रिकामं, मी तेवढा माटोळीचं (गणपतीवर टांगायच्या फळाफुलांच्या चौकटीचं) सामान बाईकला अडकवून निघायच्या बेतात. पहिली स्टेप हॉटेल बुकिंगचं तात्पुरतं टेबल रिकामं करायची, दुसरी स्टेप त्यात फाइलमधली बुकिंगं भरायची. दुसरी मध्येच पडली. रीस्टार्ट केलं तर सफाई गाळली गेली आणि फाइल पहिल्यापासून वाचली गेली (सेव्हस्टेट, म्हणजे वाचन कुठवर आलं ते लक्षात ठेवणारी सेटिंग, आम्हीच बंद ठेवलं होतं, कुणाला बोलणार!). अर्धी बुकिंगं दुप्पट.

उपाय एका ओळीचा: सफाईच्या स्टेपवर अलाउस्टार्टइफकम्प्लीट (पूर्ण झालेली स्टेपही पुन्हा चालू देणारी सेटिंग) ट्रू करायचं. मात्र तुमचा रीडर जिथे थांबला तिथून पुढे वाचणारा असेल तर हे करू नका, आधी भरलेल्या ओळीच पुसल्या जातील. आणि जुना लॉग लाखांनी उडवायचा असेल तर एकच मोठा डिलीट नको. मायएसक्यूएलमध्ये लिमिट ५००० लावा, ओळी उडाल्या तर टास्कलेटमधून कंटिन्यूएबल (म्हणजे पुन्हा चालव) परत करा, शून्य उडाल्या की फिनिश्ड (म्हणजे काम संपलं). दर फेरीला वेगळं ट्रान्झॅक्शन मिळतं, लॉक फार वेळ राहत नाही. तारखेच्या कॉलमवर इंडेक्स तेवढा हवाच.